आत्याबाईंची बारी

"डिमेन्शिया आहे," डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

संभाजीनगरचा दवाखाना, दुसरा मजला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीत बसून टेबलावरचा पेपरवेट हळूच पदराखाली घेत होत्या. त्यांच्या मागं तिन्ही मुलगे ओळीनं उभे. मी दाराला टेकून. त्याआधी सकाळपासून बाहेरच्या बाकड्यावर नंबर लावून बसलो होतो, तेव्हा आत्याबाई शेजारच्या बाईला सारख्या विचारत होत्या, की लग्न कुणाचं आहे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "डिमेन्शिया म्हणजे नुसतं विसरणं नाही. म्हातारपणी माणूस किल्ली कुठं ठेवली ते विसरतं. या आजारात किल्लीचं करायचं काय, तेच विसरायला होतं. मेंदूचा काही भाग आक्रसतो. तो परत भरून येत नाही."

थोरल्या भावजींनी विचारलं, "मंग सायेब, बरं कवा वाटंल?"

"बरं होणार नाही. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. बाकीचं घरच्यांच्या हातात आहे."

तिघांनी माना हलवल्या. घरच्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे काही कुणी विचारलं नाही. मला तिथंच राग आला. पण दवाखान्यात सुनेनं रागावून चालत नाही, म्हणून मी पदराखालचा पेपरवेट काढून टेबलावर ठेवला आणि फाइल उचलली.

मी गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची, सुरेखा. घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. माझे मालक शेती बघतात. लिहिण्याचा मला सराव नाही, गिरणीच्या धडधडीत बोलून बोलून आवाज तेवढा मोठा झालाय. तरी लिहिते, कारण असं माणूस कुणाच्या ना कुणाच्या घरी असणारच. आणि आम्ही जे करत होतो ते आमच्या भागात बऱ्याच घरी चालतं, अन् त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

सासरे गेले तेव्हा भावकीतली चार माणसं बसली. आई एकाच्याच गळ्यात कशाला, म्हणून त्यांनी बारी लावली. विहीर तिघांत असली की पाण्याची बारी असते, आज याचं शेत, उद्या त्याचं. तशी आईची. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत एका घरी. थोरले उमापूरला, मधले आम्ही तलवाड्याला, धाकटे सुनीलभावजी परळीला, थर्मल वीजकेंद्राच्या एका ठेकेदाराकडं कामाला. अमावस्या झाली की ज्याची बारी त्यानं येऊन आईला घेऊन जायचं. एखाद्यानं उशीर केला की फोनवर भांडण. तसं यात कुणी वाईट नव्हतं. उलट गावात आमचं नाव निघायचं, की बघा, तिघंही भाऊ आईला सांभाळतात.

आजाराची सुरुवात भाकरीपासून झाली. आत्याबाईंचा हात भाकरीवर असा बसलेला, की बोलता बोलता न बघता थापायच्या. एक दिवस परातीत गोळा घेतला आणि थांबल्या. मला म्हणाल्या, "आता ह्याचं काय करायचं असतंय गं?" मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांना चेष्टेची खोड होतीच, म्हणून मी हसून गोळा ओढून घेतला.

मग संडासचं सुरू झालं. हे लिहायला लाज वाटते. पण घरी असा पेशंट असला की अर्धा दिवस याच्यातच जातो, मग झाकून काय उपयोग. आमच्याकडं संडास पुढच्या अंगणात फाटकाजवळ आहे. त्या उठायच्या आणि मागच्या दाराकडं जायच्या. तिथं लोकांची दळणाची पोती ठेवलेली. एकदा ज्वारीचं एक पोतं भिजलं. मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहीत नाही.

महिना सरत आला की मात्र त्या सुधारायच्या. फाटकाकडं बरोबर जायच्या, कपबशी उचलून मोरीत ठेवायच्या, मला नावानं हाक मारायच्या. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे. मग त्या जायच्या, दोन घरं फिरून परत यायच्या, आणि पुन्हा मागच्या दाराला. मी मालकांना म्हणायचे, "मी चांगलं करून धाडते आन् त्या दोघी बिघडवून पाठवत्यात."

उमापूरला थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, आपल्या नवऱ्याला हेच सांगत होत्या. परळीला धाकटी जाऊ वैशालीही तेच. सणावाराला भेटलो की तिघी गोड बोलायचो आणि पाठ फिरली की एकमेकींच्या नावानं खडे फोडायचो.

संभाजीनगरच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक म्हणावा तर होता, म्हणावा तर नव्हता. लग्नसराईत गिरणीवर गर्दी होती, तेव्हा आत्याबाई कधी बाहेर पडल्या ते मला कळलंच नाही. केळीचा गाडा लावणारे रशीदभाई त्यांना हाताला धरून घेऊन आले. बसस्टँडवर पिंपळाखाली बसल्या होत्या म्हणे.

"वहिनी, मी इचारलं, आज्जी कुठं जायचं हाय, तर मलाच इचारत्यात, ह्या महिन्याचं गाव कंचं हाय म्हणून."

दळणाला आलेल्या बायका हसल्या. मी पण हसले. नंतर गिरणीच्या पट्ट्याकडं बघत उभी राहिले, तर हसू कुठं गेलं कळेना. त्या दिवशी एका बाईचे गहू ज्वारीवरच ओतले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, एका विद्यापीठाची माणसं म्हाताऱ्या माणसांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा अभ्यास करताहेत. वेगवेगळ्या देशांत एकसारखेच प्रश्न विचारतात. तुमच्या घरी आले तर चालेल का? मालक म्हणाले, येऊ द्या, आपलं काय जातंय.

स्नेहल मॅडम आल्या. लातूरकडच्या, वयानं लहान, बोलणं हळू. पहिला प्रश्न त्यांनी मालकांना विचारला. "आईंची काळजी मुख्यतः कोण घेतं?"

मालक म्हणाले, "मीच."

मी चहा गाळत होते. गाळणी जरा जोरात आपटली, तेवढंच. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं विचारलं, "त्यांची वेणी कोण घालतं?"

"ती."

"गोळ्या?"

"तीच देती."

"रात्री उठल्या तर?"

"मला झोप लई गाढ हाय," मालक म्हणाले.

मग मॅडम म्हणाल्या, यांच्याशी मला एकटीशी बोलावं लागेल. घरातल्या बाईशी एकटीशी काय बोलायचंय, हे मालकांना पटलं नाही. पण चहा पिऊन शेतात गेले.

मॅडमनी मला एक शब्द सांगितला, केअरगिव्हर. म्हणजे आजाऱ्याला सांभाळणारं माणूस. आमच्याकडं त्याला सून म्हणतात, मी म्हणाले. त्या हसल्या. मग विचारलं, "तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळतो का?"

"स्वतःसाठी म्हंजी? आंघोळीला का?"

"नाही, फक्त तुमच्यासाठी. तुम्हाला वाटेल ते करायला."

मी कपबश्या गोळा करायला लागले. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या काही देशांत हा प्रश्न लोकांना लगेच कळतो. इकडं बऱ्याच बायका मला उलट विचारतात, म्हणजे काय? मग उत्तर काय लिहायचं ते मलाही समजत नाही."

"लिहा, फुरसत न्हाई."

त्यांनी लिहिलं. पुढचा प्रश्न होता, आईंना सांभाळणं कधी ओझं वाटतं का? आत्याबाई समोरच बसून ओढणीच्या गाठी सोडत होत्या, कुणाची ओढणी देव जाणे. मी म्हणाले, न्हाई. मग म्हणाले, वाटतं. आणि मला रडू आलं. डोळ्यात पीठ गेलं म्हणून सांगितलं. गिरणी सकाळपासून बंद होती.

मॅडमनी मला रडू दिलं. मग पुढं गेल्या. "गेल्या वर्षात पेशंटनं घर बदललं का?"

"दर अमावस्येला बदलत्यात की."

त्यांनी पेन खाली ठेवला. "दर महिन्याला?"

मी बारीचं सांगितलं. हे त्यांना नवीन नव्हतं, त्यांच्या मामांच्या गावीही असंच आहे म्हणे. पण अशा आजाराच्या माणसाची बारी त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती. विचारलं, "तुमच्याकडं आल्यावर पहिले दिवस कसे जातात?"

"वाईट. रोज भांडण. रोज धुणं."

"आणि शेवटचे?"

"चांगले. मला वळखत्यात."

"आणि दुसऱ्या दोन घरी?"

"तिथं बिघडवत्यात," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझं मलाच कसंतरी झालं.

मॅडम म्हणाल्या, "इलाज सांगणं माझं काम नाही. डॉक्टरांना विचारा. पण त्याआधी जावांना विचारून बघा."

त्या गेल्यावर मी अक्कांना फोन लावला. आम्ही फोनवर फक्त कुणी मेलं किंवा लग्न ठरलं तरच बोलायचो, म्हणून त्या आधी घाबरल्या. मी विचारलं, "अक्का, आत्याबाई तुमच्याकडं पैल्यांदा येत्यात तवा कशा असत्यात?"

"लई वंगाळ. सारखी पुढच्या अंगणात जाती, तिथं आमची जनावरं बांधलेली. संडास आमचा मागं हाय, कितींदा दावला. जाताना मातर चांगली असती. कावून गं, का इचारतीस?"

"आमचा पुढं हाय, अक्का. फाटकाजवळ."

अक्का म्हणाल्या, "आन् मी म्हणायचे, तू शिकवून धाडतीस."

वैशालीला लावला. परळीत त्यांचं भाड्याचं घर, दोन खोल्या, संडास आतच. ती म्हणाली, "ताई, त्या बाहेरचं दार उघड म्हणून रडत्यात. मला वाटायचं त्यांना माझ्याकडं ऱ्हायचंच न्हाई."

तीन घरं, तीन वाटा. त्या प्रत्येक वेळी आधीच्या कुठल्या तरी घराची वाट चालत होत्या. महिनाभरात बिचाऱ्या नवी वाट शिकायच्या, आणि शिकल्या की आम्ही त्यांना उचलून दुसरीकडं ठेवायचो. सुधारत कुणीच नव्हतं आणि बिघडवतही कुणी नव्हतं. मला शरम वाटली, आणि तिघी जणी किती वर्षं उगाच कुढलो म्हणून चीडही आली.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी भावांना. थोरले भावजी फोनवर म्हणाले, "गिरणीवाली आता डाक्टर झाली का?" मालकांचं वेगळंच दुखणं. "एकाच घरी ठिवली तर लोक म्हणतील, बाकीच्या दोघांनी आई टाकली." अमावस्या आली. सुनीलभावजी आले आणि घेऊन गेले. आत्याबाई गाडीत बसेपर्यंत माझा पदर सोडत नव्हत्या, आणि मी तो सोडवून घेतला.

पुढच्याच आठवड्यात परळीहून फोन आला. आत्याबाई कुणालाच ओळखत नव्हत्या, भिंतीवरचे किडे वेचत होत्या, भिंतीवर काहीच नव्हतं. ताप होता. अंबाजोगाईला ॲडमिट केलं. आम्ही गेलो तेव्हा त्या सलाइनची नळी ओढत होत्या, म्हणून वैशाली त्यांचा हात मांडीत घेऊन बसली होती. मग आम्ही तिघी आळीपाळीनं हात धरून बसलो. तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, डोक्याचा सीटी स्कॅन. रिपोर्टची वाट बघण्याइतका लांब वेळ दुसरा नसतो. सोबत कुणी असेल तर त्याच्याशी भांडू नका, एवढंच सांगते. आम्ही भांडलो नाही, बोललो. डब्यातली एकच चटणी तिघींनी खाल्ली.

डॉक्टर बाई होत्या. म्हणाल्या, "हा डिलिरियम आहे. म्हणजे अचानक आलेला गोंधळ. डिमेन्शिया महिनोन् महिने हळू वाढतो, हा एकदोन दिवसांत येतो. लघवीचं इन्फेक्शन झालंय. लघवी रोखून धरत होत्या का?"

वैशालीनं खाली बघितलं. "संडास सापडत नव्हता त्यांना. दाखवला तर आत जायला भ्यायच्या."

"या आधी कुठं होत्या?"

मी सांगितलं. बारी, तीन घरं, पहिले दिवस, शेवटचे दिवस. डॉक्टर बाईंनी तिन्ही भावांना बोलावून घेतलं. "औषधानं इन्फेक्शन जाईल. पण यांना आता हलवू नका. एक घर, झोपायची एक जागा, संडासला जायची एक वाट. पुन्हा असं झालं तर यातून बाहेर येतीलच असं मी सांगू शकत नाही."

बाहेर व्हरांड्यात आलो. थोरले भावजी म्हणाले, "मंग कुणाच्या घरी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उमापूरचं जुनं घर पाडून भावजींनी नवं बांधलेलं, तिथं आत्याबाईंच्या ओळखीचं काही उरलं नव्हतं. शिवाय दिवसभर सगळे शेतात. परळीच्या दोन खोल्यांत आत्याबाईंचा जीव घाबरायचा. माझ्या घरी मी दिवसभर असते. सगळ्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

खरं सांगते, मला त्या नको होत्या. म्हणजे माणूस म्हणून हव्या होत्या, पण कायमच्या, एकटीच्या अंगावर नको होत्या. गिरणी बंद पडली असती. माझी मिळकत, चार बायकांशी बोलणं, सगळं गिरणीच्या दारातच होतं. आणि नाही म्हणावं तर डॉक्टर बाईंचं बोलणं कानात. त्या पुन्हा हलल्या आणि गेल्या, तर ते मला जन्मभर पुरलं असतं.

मी म्हणाले, "माझ्या घरी राहतील. पण बारी मोडायची न्हाई."

"म्हंजी?"

"आत्याबाई हलायच्या न्हाईत. आता तुमी हलायचं. ज्याची बारी त्यानं तलवाड्याला येऊन ऱ्हायचं."

थोरले भावजी चिडले. "आमच्या बायकांनी घरदार सोडून दुसऱ्याच्या घरी ऱ्हायचं? गुराढोराचं कोण बघंल?"

"आत्याबाईंनी इतकी वर्षं तेच केलं न्हवं? तवा कुणाचं अडलं न्हाई. आन् बायकोच कावून? आई तुमची हाय. तुमी या."

दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्या दिरासमोर असं बोलायची आमच्यात रीत नाही. मालक जमिनीकडं बघत होते. सगळ्यात आधी अक्का बोलल्या. "मी यीन. महिनाभर न्हाई जमायचं, आठ दिवस यीन." मग वैशाली म्हणाली, "पोरांच्या शाळंमुळं मला न्हाई जमणार. ह्यांना धाडते." सुनीलभावजींनी तिच्याकडं असं बघितलं, की जणू तिनं त्यांना सैन्यात घातलं.

हे सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. अक्का आल्या आणि तिसऱ्या दिवशी आमचं काळ्या मसाल्यावरून वाजलं. थोरले भावजी दोनदा आलेच नाहीत, आणि एकदा आले ते दिवसभर पारावर पत्ते खेळून गेले. सुनीलभावजी सुट्टी काढून आले तेव्हा आईला आंघोळ घालायची म्हटल्यावर घामाघूम. मी पाठ चोळून देत होते आणि ते दाराबाहेर उभे राहून आत तोंड न करता बादली सरकवत होते. पुढच्या खेपेला त्यांनी आईचे पाय धुतले, नखं काढली. गावातले हसले. एकानं तर विचारलं, काय बे, बायकोनं हाकललं का? ते खाली मान घालून नखं काढत राहिले. मालकही आता रात्री उठतात. गाढ झोपेचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

आत्याबाईंचा आजार थांबलेला नाही. माझं नाव गेलं, मालकांचं गेलं, मग सासऱ्यांचंही गेलं. पण फाटकाची वाट राहिली. कितीतरी दिवस झाले, पोती कोरडी आहेत. उन्हं उतरली की ओट्यावर बसतात, दळणाला आलेल्या बायकांना गाव विचारतात आणि सांगितलेलं विसरून परत विचारतात. बायका परत सांगतात.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर माझं सांगणं थोडं आहे. वागणं अचानक बदललं तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, आधी लघवी तपासा. माणूस नाटक करतंय असं वाटलं तर त्याच्या जागी उभं राहून बघा, ते कुठल्या घरात आहे असं त्याला वाटतंय. जावेला फोन करा. आणि कुणी विचारलं, काळजी कोण घेतं, तर मान खाली घालून चहा गाळू नका. स्नेहल मॅडमच्या अभ्यासाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्यांचे, अंबाजोगाईच्या डॉक्टर बाईंचे आणि आमच्या अक्कांचे उपकार मी विसरणार नाही. अक्कांचं नाव यात येईल असं मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मध्यंतरी अक्कांच्या बारीत मी जालन्याला भावाकडं गेले. गिरणी घातल्यापासून माहेरी मुक्काम असा झालाच नव्हता. पहिल्या दिवशी करमेना, दुसऱ्या दिवशी भरपूर झोपले, मग यावंसं वाटेना. परत आले तेव्हा दुपार टळली होती. अक्का आत चुलीपाशी होत्या. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

"या, या. कुण्या गावाहून आल्या?"

"जालन्याहून."

"लई लांबून की. बसा, लाजू नका. घर माझंच हाय."

बारी लागल्यापासून 'माझं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तीन मुलांच्या तीन घरांत त्या नेहमी दुसऱ्याच्या घरी असल्यासारख्या कडेला बसायच्या. त्या आत गेल्या, कुणाला न विचारता, न अडखळता, आणि तांब्या भरून घेऊन आल्या. मी पाहुण्यासारखी ओट्यावर बसले आणि त्यांनी दिलेलं पाणी प्याले.